साडी नेसून गाडी चालवताना पोलिसांनी हात दाखवला तर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे चौतीस वर्षांचे, पुण्यात राहतात, लग्न झालंय, बायको माहेरी गेली की शनिवारी रात्री साडी नेसून तयार होतात आणि तासभर गाडी फिरवून येतात. गेल्या शनिवारी पुढे नाकाबंदी दिसली, पोटात गोळा आला, डिव्हायडरच्या गॅपमधून यू-टर्न मारला आणि राँग साइडने थेट घर गाठलं. आता विचारतायत की पकडलं असतं तर अटक झाली असती का, लायसन्सवर दाढीवाला फोटो आहे त्याचं काय, आणि घरी फोन गेला असता का. शेवटी 'तुम्हाला दादा म्हणू की ताई' असंही विचारलंय. शनिवारी ताई, सोमवार ते शुक्रवार कोर्टात वकीलसाहेब, काहीही चालेल.

मी मॅजिस्ट्रेट कोर्टात वीसेक वर्षं मोटार वाहन कायद्याच्या आणि किरकोळ फौजदारी केसेस बघतोय, आणि जवळपास तितकीच वर्षं नटून गाडी चालवतोय. या काळात आठ-नऊ वेळा मला थांबवलंय. त्यामुळे हे उत्तर दोन्ही बाजूंनी आहे.

पहिलं म्हणजे तुमच्या त्या रात्री गुन्हा एकच झाला, तो यू-टर्न आणि राँग साइड. साडीचा काही गुन्हा नव्हता. पुरुषाने बायकांचे कपडे घालून रस्त्यावर येऊ नये असं कलम आज भारतात कुठेही नाही, भारतीय न्याय संहितेत नाही, मोटार वाहन कायद्यात नाही, महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही नाही. एके काळी होतं. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात नोंद केलेले तृतीयपंथीय बायकी वेशात, दागिने घालून रस्त्यावर दिसले तर विनावॉरंट अटक करायची तरतूद होती. तो कायदा कधीच इतिहासजमा झाला पण त्याची भीती आपल्या लोकांच्या अंगात अजून आहे, पोलिसांच्याही डोक्यात कुठेतरी आहे. सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात स्वच्छ म्हटलंय की आपली लिंगओळख पोशाखातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं हे घटनेच्या कलम १९(१)(क) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं. तो निकाल ट्रान्स व्यक्तींबद्दल आहे, आणि तुम्ही-मी स्वतःला ट्रान्स म्हणत नसू तर तो आपल्याला शब्दशः लागू आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, पण हौसेने साडी नेसणाऱ्याविरुद्ध मुळात कलमच नाही तर बचाव कशाचा करायचा हा माझा मुद्दा आहे.

एक कलम मात्र माहीत असू द्या कारण कधीतरी कुणीतरी ते तुमच्या तोंडावर फेकेल. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत तोंड झाकून किंवा वेष पालटून फिरताना सापडलं तर शिक्षा. ऐकायला वाटतं, झालं, हे आपल्यासाठीच लिहिलंय! पण पुढचे शब्द कुणी वाचत नाही, 'गुन्हा करण्याच्या उद्देशाने'. वेषांतराला शिक्षा नाही, घरफोडीला निघालेल्याला आहे. गाडीत कटावणी नाही, पर्समध्ये लिपस्टिक आणि टिश्यू आहेत, तर उद्देश कुठून आणणार? तोतयेगिरीचंही तसंच, जुन्या दंड संहितेचं ४१९ म्हणायचे पूर्वी, आता न्याय संहितेचं ३१९, त्यात दुसराच माणूस असल्याचं भासवून कुणाला तरी फसवावं लागतं. तुम्ही विग लावून स्वतःचंच लायसन्स दाखवताय, फसलं कोण? गंमत म्हणजे कपड्यांवरून खरंच अडचणीत आणणारं कलम आहे ते पोलिसांच्याच कपड्यांचं. सरकारी नोकराचा गणवेश फसवायच्या इराद्याने घातला तर गुन्हा. आपल्याकडचे बहुरूपी पिढ्यान्‌पिढ्या हवालदार बनून दारोदार फिरले, 'लग्नाला चला' करत लोकांना हसवलं, त्यांनासुद्धा सहसा कुणी आत टाकलं नाही कारण फसवायचा इरादा नव्हता. इराद्याशिवाय वेष म्हणजे नुसता वेष.

आता मामा तुमच्याकडे काय मागू शकतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०, गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की ड्रायव्हिंग लायसन्स दाखवायचं. मग आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. दारूचा संशय असेल तर फुंकायला लावेल. बास. तुम्ही कुठून आलात, असे का दिसता, लग्न झालंय का, याची उत्तरं कायद्याने बांधलेली नाहीत. पण 'मी उत्तर देणार नाही' हे वाक्य रात्री एक वाजता बॅरिकेडपाशी म्हणायचं नसतं, ते कोर्टात शोभतं. तिथे फक्त कमी बोलायचं.

आणि इथे आपल्या लोकांची सगळ्यात कॉमन चूक. लायसन्स घरी राहतं! कारण ते पाकिटात, पाकीट पँटच्या खिशात, आणि पँट खुंटीला. मी स्वतः पहिल्या वेळी असाच सापडलो, पर्स उलटी केली तर त्यातून सेफ्टी पिना, काजळ, टिकल्यांचं पाकीट, सगळं निघालं, लायसन्स नाही. हवालदार टॉर्च धरून उभा, आणि सीटवर टिकल्या सांडलेल्या. त्याने शेवटी मीच बावचळलोय बघून चलान केलं आणि सोडलं. आता डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स चालतं, नियमच आहे तसा, तरी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात खरं कार्डही असतं, कारण फोनची बॅटरी आणि नेटवर्क हे दोघं बरोबर नाकाबंदीलाच दगा देतात. आणखी एक, लांब चिकटवलेल्या नखांनी घाईघाईत फोनचा पिन टाकता येत नाही, घरी करून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय.

फोटोचं म्हणाल तर फोटो न जुळणं हा गुन्हा नाही. टक्कल पडतं, दाढी वाढते, माणसं वीस वर्षं जुन्या फोटोवर फिरतात. पोलिसाला एवढंच बघायचंय की हे लायसन्स तुमचंच आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता न अडखळता सांगा, आपल्या नेहमीच्या आवाजात. आवाज बारीक करून 'अहो साहेब' करायला जाऊ नका, हातातल्या लायसन्सवर पुरुषाचं नाव आणि समोर बारीक आवाज, याने त्याचा संशय दुप्पट होतो. मी काच खाली करतो, आतला दिवा लावतो, हात स्टिअरिंगवर, आणि पहिलं वाक्य मीच टाकतो, 'साहेब, मी पुरुष आहे, हौसेने असे कपडे घालतो, लायसन्स माझंच आहे, हे घ्या.' इतकंच. बहुतेक वेळा समोरचा दोन सेकंद गप्प बसतो, मग लायसन्स बघतो, मग कलीगला हाक मारतो (ही हाक येणारच, मनाची तयारी ठेवा, त्यांनाही नाइट ड्यूटीत काहीतरी विषय हवा असतो) आणि मग 'जा' म्हणतो. हसतील. हसू द्या. हसण्याने चलान होत नाही.

खोटं का बोलू नये त्याचा एक किस्सा सांगतो. पावसाळा होता, पुलाखाली नाकाबंदी, मी हिरव्या काठपदरात, बांगड्या भरभरून. काच खाली करताना बांगड्या दारावर खणखणल्या आणि वयस्कर हवालदार वाकून बघत म्हणाला, 'मॅडम जरा... अरे.' टॉर्च गळ्यावर आली. मी घाबरून म्हटलं, 'नाटकात काम करतो साहेब, प्रयोग संपवून घरी चाललोय.' मला वाटलं सुटलो. तो माणूस निघाला नाटकवेडा. म्हणाला, वा, कुठलं नाटक? कुठे प्रयोग होता? मी तोंडाला आलं ते थिएटर सांगितलं, तर म्हणतो ते तर दुरुस्तीला बंद आहे. मग दिग्दर्शक कोण, कंपनी कोणाची, लुगडं नऊवारी का नाही. मला घाम, पावडर ओघळायला लागली. त्या क्षणी त्याचा चेहरा बदलला, आतापर्यंत गंमत होती आता पोलीस जागा झाला, 'गाडी बाजूला घ्या, डिकी उघडा.' डिकी बघितली, सीटखाली बघितलं, गाडीचा नंबर टाकून बघितला, पाऊण तास गेला. शेवटी मी खरं सांगितलं तर म्हणाला, 'मग आधी सांगायचं की, मी आमच्या गावच्या जत्रेत नाच्याला शिट्ट्या मारत मोठा झालोय.' ज्या राज्यात बालगंधर्वांचे शालू बघून घराघरातल्या बायकांनी नेसण्याची तऱ्हा बदलली, ज्यांच्या नावाचं रंगमंदिर जंगली महाराज रोडवर उभं आहे, तिथल्या हवालदाराला साडीतला पुरुष नवा नाही. खोटं बोलणारा पुरुषही त्याला नवा नाही, त्याला तो रोज पकडतो.

दारूचं एकच, पिऊन चालवायचं नाही, कपडे कुठलेही असोत. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. फुंकायला नाही म्हटलंत तर त्यावरूनही अटक होऊ शकते, म्हणून फुंका. धीर यावा म्हणून दोन पेग मारून निघणारे आपल्यात बरेच आहेत, त्यांच्या केसेस मी चालवल्यात, आणि त्यात कुणाच्याही कागदावर साडीचा 'स' नसतो पण कोर्टात हजर राहायला लागतं आणि मग घरी सांगायला लागतं. माउथवॉशनेही थोडा वेळ मशीन आकडा दाखवू शकतं, निघायच्या आधी लगेच वापरू नका, आणि आकडा चुकीचा वाटला तर थोड्या वेळाने परत टेस्ट मागा. नळी नवीन लावायला सांगा. नळीवर लिपस्टिक लागते, एका पोरसवदा पोलिसाने ती नळी हातात धरून इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप माझ्याच हातात परत दिली.

घरी फोन जाईल का, हा तुमचा खरा प्रश्न होता, बाकीचे दोन त्याच्या आडून विचारलेत. चलानसाठी पोलीस बायकोला फोन करत नाहीत. फोन करतो म्हणून धमकी देतात, ते वेगळं, त्यावर खाली येतो. समजा प्रकरण खरोखर अटकेपर्यंत गेलं, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम ४८ बघा, अटकेची माहिती नातेवाईक, मित्र किंवा अटक झालेला माणूस ज्याचं नाव सांगेल त्याला द्यायची आहे. म्हणजे नाव तुम्ही सांगायचं. म्हणून निघायच्या आधी एक माणूस ठरवून ठेवा ज्याला तुमचं हे माहीत आहे, त्याचा नंबर पाठ करा, फोनवर विसंबू नका. मी माझ्या एका जुन्या क्लायंटसाठी तो माणूस आहे, गेल्या दहा वर्षांत त्याचा एकदाच फोन आला, तोही पंक्चरसाठी.

पण ज्याला खरं घाबरायला पाहिजे त्याचा तुम्ही उल्लेखच केला नाही. कॅमेरा! पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर २०२४ पासून जी कॅमेऱ्यांची सिस्टीम बसलीय ती सीट बेल्ट लावलाय का तेसुद्धा बघते, म्हणजे गाडीच्या आतला फोटो घेते. ई-चलानचा मेसेज जातो गाडीच्या नोंदणीला जो मोबाइल नंबर जोडलाय त्यावर. गाडी सासऱ्यांच्या नावावर असेल, नंबर त्यांचा असेल, तर लोणावळ्याजवळ १०० च्या वर गेलेली तुमची गाडी आणि काचेतून दिसणारी 'ती बाई कोण' हा प्रश्न रविवारी सकाळी चहाबरोबर येणार. माझ्या एका मित्राचं हे झालंय. बायकोला वाटलं दुसरी बाई आहे, आणि खरं सांगावं की बाई आहेच म्हणावं हे त्याला दोन दिवस ठरवता आलं नाही. (शेवटी खरं सांगितलं. ती म्हणाली, 'माझी साडी होती का?') तेव्हा वेग मर्यादेत, बेल्ट लावलेला, आणि निघायच्या आधी महाट्रॅफिक ॲपवर जुनी चलानं भरून टाकलेली, कारण थकलेल्या चलानांवरूनही गाडी बाजूला घेतात आणि मग सगळं उगाच लांबतं.

आता वाईट भाग. बहुतेक पोलीस बरे, काही नाहीत. काही वर्षांपूर्वी एका हायवेला, पोलीस ठाण्याचं नाव मी घेत नाही, दोघांनी माझ्या गाडीची चावी काढून घेतली आणि 'घरच्यांना बोलावू का, व्हिडिओ काढू का' सुरू केलं. मी वकील आहे हे सांगायला जीभच रेटेना, त्या वेषात तर नाहीच नाही. तीन हजार मागितले, रोख नव्हते, तर समोरच्या टपरीचा क्यूआर कोड दाखवला. मी दिले. आज दिले नसते. हे तोडपाणीसुद्धा नाही हो, तोडपाणीला निदान एखादा गुन्हा तरी लागतो, ही सरळ खंडणी आहे, न्याय संहितेचं कलम ३०८, आणि सरकारी नोकर असल्याने लाचलुचपतवाल्यांचाही विषय, त्यांचा नंबर १०६४. तिथे काय म्हणायचं ते सांगतो, भांडायचं नाही, 'साहेब, जो गुन्हा असेल त्याचं चलान करा, मी भरतो.' हेच वाक्य परत परत, शांतपणे. ज्याला चलान करायचंय तो करेल, ज्याला पैसे हवेत त्याला या वाक्याचा कंटाळा येतो. चावी काढून घ्यायचा अधिकार मोटार वाहन कायद्यात मला तरी कुठे सापडलेला नाही, पण म्हणून हात धरू नका, हिसकाहिसकी झाली की दंड संहितेचं जुनं ३५३, आता न्याय संहितेचं १३२, सरकारी कामात अडथळा आणून बळाचा वापर, आणि ते अजामीनपात्र आहे. ११२ ला फोन लावा, 'मला अमुक ठिकाणी थांबवलंय, पैसे मागतायत' सांगा, कॉलची नोंद राहते. छातीवरची नेमप्लेट वाचा, गाडीचा नंबर लक्षात ठेवा. फोन मागितला तर अनलॉक करून देऊ नका, कलम काय आणि जप्तीचा कागद कुठे ते नम्रपणे विचारा. पोलीस ठाण्यात नेलं तर नेऊ द्या, तिथे निदान कॅमेरे असायला हवेत, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात लावायला सांगितलेत. नंतर तक्रार करायची असेल तर त्या फुटेजसाठी लेखी अर्ज लगेच द्या, महिन्याने नाही. तामिळनाडूत २०२२ मध्ये पोलिसांच्या आचारनियमांतच घातलं गेलं की एलजीबीटीक्यू समाजातल्या लोकांना छळायचं नाही, मद्रास हायकोर्टाने मागे लागून करून घेतलं ते. आपल्याकडेही व्हायला हवं.

आणि इथे एक कबुली. मी सुटतो याचं अर्धं कारण म्हणजे मी कारमध्ये असतो, मराठीत नीट बोलतो, पत्ता बऱ्या सोसायटीचा आहे. सिग्नलला उभी असणारी तृतीयपंथी व्यक्ती त्याच हवालदाराला भेटते तेव्हा 'जा' हा शब्द वेगळ्या आवाजात येतो, कधी काठीसकट. म्हणून गाडी अंधारात रस्त्याच्या कडेला लावून बाहेर उभं राहणं टाळा. हायवेला उभं राहिलं की पेट्रोलिंगवाल्यांच्या डोक्यात एकच विषय येतो, १९५६ च्या अनैतिक व्यापार कायद्यातलं गिऱ्हाईक बोलावण्याचं कलम, आणि मग तुम्ही नुसती हवा खात होतात हे पटवायला पहाट होते. थांबायचं तर पेट्रोल पंप, फूड मॉल, उजेडात, माणसांत.

गाडीचं पटकन सांगतो. काळी फिल्म लावायचा मोह होतो, लावू नका, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये बंद केलीय, पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के पारदर्शक हव्यात, आणि लपायला लावलेली फिल्मच मामाला लांबून बोलावते. हिल्स घालून क्लच दाबायचा नाही, सपाट चपला घाला, हिल्स मागच्या सीटखाली ठेवा, ड्रायव्हरच्या पायाशी नाही, ब्रेकखाली गेल्या तर संपलं. पदर कमरेला खोचा नाहीतर हँडब्रेकमध्ये अडकतो. बेल्ट पदरावरून. टू-व्हीलरवाल्यांनी विगवर हेल्मेट बसतं का ते घरी बघावं, सैल बसत असेल तर विग डिकीत, हेल्मेट डोक्यावर.

तर तुमचा तो यू-टर्न. बॅरिकेड बघून वळणारी गाडी म्हणजे पोलिसाच्या नजरेत दारू, चोरीची गाडी किंवा वॉरंट. मागे बाइक लागली असती तर तुम्ही राँग साइडला, हातापायाला कंप सुटलेला, लायसन्स बहुधा खुंटीला, अशा अवस्थेत सापडला असतात. पुढच्या वेळी रांगेत राहा, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुढे, काच खाली, दिवा चालू. आणि हो, लायसन्स कुठे होतं त्या रात्री, पर्समध्ये की पँटच्या खिशात, ते खाली लिहा.